नियम कोणाचा, बाग कोणाची?



माझे मामा निफाड तालुक्यातले. दोन एकरांची द्राक्षबाग आणि थोडी कांद्याची जमीन, एवढा त्यांचा संसार. गेल्या हंगामात मी त्यांच्याकडे गेलो होतो. बागेच्या कडेला विटांची एक लहानशी खोली आहे. दाराला कुलूप, दारावर धोक्याची पाटी. आत फळ्यांवर फवारणीची औषधे ओळीने मांडलेली. वरच्या फळीवर पावडरीच्या पुड्या, खालच्या फळीवर पातळ औषधांच्या बाटल्या. कोपऱ्यात वाळूची बादली. खिळ्याला एक वही टांगलेली. कोणत्या तारखेला, कोणते औषध, किती पाण्यात, कोणी फवारले, याची त्या वहीत नोंद.

मी विचारले, "मामा, पुड्या वर आणि बाटल्या खाली, हे कशासाठी?"

मामा म्हणाले, "अहो भाचेराव, बाटली वर ठेवली आणि गळाली, तर खालच्या पुड्या नासतील की. नियमच आहे तसा."

"कोणाचा नियम?"

मामा थोडे थांबले. मग म्हणाले, "सरकारचाच असेल. दुसऱ्या कोणाचा असायचा?"

मंडळी, मी महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवतो. कायदा म्हणजे काय, तो विधिमंडळात कसा संमत होतो, हे मी मुलांना वर्षानुवर्षे सांगत आलो आहे. पण मामांच्या त्या खोलीत उभा असताना माझ्या ध्यानात आले की, आपल्या पुस्तकातला धडा इथे अपुरा पडतो. कारण पुड्या वर आणि बाटल्या खाली हा नियम मुंबईच्या विधानभवनात झाला नाही, दिल्लीच्या संसदेत झाला नाही, आणि युरोपच्या एखाद्या संसदेतही झाला नाही. तो केला दुकानदारांनी. ही हकीकत आज तुम्हांला सांगावी असे मनात आहे.

दुकानदार म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर पिंपळगावच्या पेठेतले किराणा दुकान उभे राहील. युरोपातले दुकानदार तसे नव्हेत. एकेका व्यापारी संस्थेची शेकडो, हजारो दुकाने असतात. भाजी, फळे, दूध, मांस, सारे एका छताखाली. 1990 साली ब्रिटनमध्ये अन्नसुरक्षेचा एक कायदा झाला. अन्नात दोष निघाला तर विकणारा जबाबदार, असे त्या कायद्याने धरले. परंतु आपण शक्य ती सर्व खबरदारी घेतली होती हे दुकानदाराने सिद्ध केले, तर त्याला बचाव मिळे. आता बघा, हजारो किलोमीटर दूर कोणी कोणते औषध फवारले, हे लंडनच्या दुकानदाराला कसे कळावे? पुढे 1996 साली गाईंच्या वेड्या रोगाचे प्रकरण गाजले, आणि आपण खातो ते कुठून येते, असा प्रश्न तिथले गिऱ्हाईक विचारू लागले.

तेव्हा 1997 साली या मोठ्या दुकानदारांनी एकत्र येऊन आपल्यापुरते नियम तयार केले. शेतात काय करावे, काय करू नये, नोंद कशी ठेवावी, मजुरांची काळजी कशी घ्यावी. या नियमांचे नाव युरेपगॅप. 2007 साली त्याचे नाव ग्लोबलगॅप झाले. संस्थेची कचेरी जर्मनीतल्या कोलोन शहरी आहे. हा कायदा नव्हे, हे ध्यानात घ्या. ग्लोबलगॅपचे प्रमाणपत्र नाही म्हणून कोणी पोलीस मामांच्या दारी येणार नाही. कागदोपत्री हे सारे ऐच्छिक आहे. पण प्रमाणपत्र नसेल तर त्या दुकानांत माल जायचा नाही. आणि युरोपात फळांचा मोठा भाग त्याच दुकानांतून विकला जातो. मग ऐच्छिक या शब्दाला अर्थ तो काय उरला? गावात विहीर एकच असेल, तर त्या विहिरीवर पाणी भरणे ऐच्छिक आहे, असे म्हणण्यापैकीच हे झाले.

आता सरकारी कायदा आणि दुकानदाराचा नियम यांतला फरक एका उदाहरणाने पाहू. द्राक्षावर फवारलेल्या औषधाचा थोडा अंश फळात उरतो. आपले बागायतदार त्याला रेसिड्यू म्हणतात. तो किती चालेल याची मर्यादा युरोपीय संघाने कायद्याने ठरवली आहे, आणि 1 सप्टेंबर 2008 पासून ती सर्व सभासद देशांत सारखी आहे. ज्या औषधासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला एका किलोत 0.01 मिलिग्रॅम हा आकडा लागू होतो. शिक्षक बंधुभगिनींनी हे गणित वर्गात जरूर घालावे. 0.01 मिलिग्रॅम म्हणजे 100 टन द्राक्षांत सारे मिळून एक ग्रॅम!

हा झाला कायदा. पण जर्मनीतल्या काही मोठ्या दुकानांचे एवढ्याने समाधान होत नाही. कायद्यात जी मर्यादा असेल, तिच्या एक तृतीयांशच अंश आम्हांला चालेल, असे ती म्हणतात. शिवाय एका नमुन्यात चार-पाचांहून जास्त औषधांचे अंश दिसता कामा नयेत, अशीही अट असते. म्हणजे सरकारच्या मते जे फळ निर्धोक, तेच दुकानदाराच्या मते नापास. आणि सरकारने आकडा ठरवला तर त्यामागचा शास्त्रीय आधार विचारता येतो. दुकानदाराला तो विचारायचा कोणी, आणि कोठे?

हा प्रश्न खरोखरीच एकदा विचारला गेला. कॅरिबियन समुद्रात सेंट व्हिन्सेंट नावाचे एक चिमुकले बेट आहे. तिथले शेतकरी केळी पिकवून ब्रिटनला पाठवीत. 2005 साली त्या देशाने जागतिक व्यापार संघटनेच्या समितीपुढे गाऱ्हाणे मांडले की, युरेपगॅपच्या अटी आमच्या लहान शेतकऱ्यांना झेपत नाहीत. युरोपीय संघाचे उत्तर सरळ होते. हे नियम आमचे नव्हेत, खाजगी व्यापाऱ्यांचे आहेत. 1995 पासून लागू असलेला जागतिक करार सांगतो की, अन्नाविषयीच्या सरकारी नियमांना शास्त्राचा आधार हवा. खाजगी संस्थांनी कराराला धरून वागावे यासाठी सरकारांनी शक्य ते उपाय योजावेत, असेही त्यात एक कलम आहे. पण त्या कलमाचा नेमका अर्थ काय, यावर देशादेशांत एकमत झालेले नाही. म्हणजे वादी हजर, प्रतिवादी हजर, आणि निवाडा करणारा कोणी नाही!

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. नाशिकचा बागायतदार या बाबतीत अगदीच अजाण होता, असे मात्र समजू नका. महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघ 1960 सालचा. 1991 साली द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्थांनी एकत्र येऊन महाग्रेप्स उभी केली आणि परदेशाची वाट धरली. माल थंड करण्याची सोय, पेटीत भरण्याची पद्धत, बोटीतला प्रवास, हे सारे आपले लोक ठेचा खात शिकले.

मग 2003 साल आले. नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांच्या काही खेपांत औषधांचे अंश मर्यादेहून जास्त आढळले. नाचक्की झाली. तेव्हा केंद्र सरकारची अपेडा ही संस्था आणि पुण्याजवळ मांजरीला असलेले राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र यांनी मिळून तपासणीची एक योजना आखली. निर्यातीच्या बागेची नोंदणी करायची, बागेतून नमुना घ्यायचा, प्रयोगशाळेत तपासायचा, आणि तो उतरला तरच माल पुढे जायचा. 2006 पासून ही सारी माहिती ग्रेपनेट या संगणकीय व्यवस्थेत येऊ लागली. रॉटरडॅमच्या पेटीवरून निफाडच्या बागेपर्यंत माग काढता येतो, तो त्यामुळे.

इतके होऊनही 2010 साली घात झालाच. जुने बागायतदार ते वर्ष अजून विसरलेले नाहीत. छाटणीनंतर वेलीची वाढ आटोक्यात राहावी आणि घड नीट निघावा, म्हणून क्लोरमेक्वाट क्लोराइड नावाचे संजीवक आपल्याकडे सर्रास वापरीत. बागायतदार त्याला सीसीसी म्हणतात. युरोपात द्राक्षासाठी त्याची मर्यादा किलोला 0.05 मिलिग्रॅम होती. परंतु आपल्याकडे ज्या औषधांसाठी नमुने तपासले जात, त्या यादीत सीसीसीचे नावच नव्हते. इथल्या प्रयोगशाळेने पास केलेला माल तिकडे नापास झाला. कंटेनर बंदरांत अडकले, भाव कोसळले.

मामांचाही माल त्यात होता. ज्या व्यापाऱ्यामार्फत गेला होता, त्याने हात वर केले. मामा तेव्हा मला म्हणाले होते, "मी चोरून काही केले असते, तर गोष्ट वेगळी. मला जे सांगितले ते सगळे केले. परीक्षेत जो प्रश्न येणारच नाही म्हणाले, त्यातच नापास केले की हो मला!" त्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. मामीच्या पाटल्या त्या वर्षी सोसायटीचे कर्ज फेडण्यात गेल्या, एवढे मात्र मला ठाऊक आहे.

न्यायाने बोलायचे तर सीसीसीची ती मर्यादा कायद्याची होती, दुकानदाराची नव्हे. पण त्यातून जो धडा मिळाला, तो दोन्हींना लागू पडतो. नियम कोणी केला याला जितके महत्त्व, तितकेच तो ज्याच्या मानेवर बसणार त्याला वेळेवर कळला की नाही यालाही आहे. नियम करणारे टेबलाच्या एका बाजूला आणि पाळणारे हजारो किलोमीटर दूर असले, म्हणजे मधल्या वाटेत बातमी हरवते. पुढे सीसीसीचा त्या यादीत समावेश झाला. पण तो आपल्याच शेतकऱ्यांच्या पदरचे पैसे गेल्यावर.

तर मग खाजगी उद्योगाने केलेले नियम वाईटच म्हणायचे काय? नाही. इथे आपण घाईने निकाल देऊ नये. मामांच्या बागेत पूर्वी फवारणारा गडी उघड्या अंगाने, तोंडाला फडके गुंडाळून फवारीत असे. आज त्याच्या अंगात कोट आहे, हातमोजे आहेत, तोंडावर मुखवटा आहे. रिकामी बाटली पूर्वी पाणी पिण्यासाठी घरात येई; आज ती येत नाही. बागेत येणाऱ्या बायांसाठी संडासची आणि हात धुण्याची सोय झाली. औषधाच्या डब्यावर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग असतो आणि लाल म्हणजे सर्वांत विषारी, हे आपल्या 1968 च्या कीटकनाशक कायद्याने आणि त्याखालच्या 1971 च्या नियमांनी कधीच सांगून ठेवले होते. पण सरकारी कायदा बागेपर्यंत पोहोचला नाही, आणि दुकानदाराचा नियम पोहोचला. का? तर त्याच्या मागे पैसा होता. हे कबूल करायला आपल्याला थोडी लाज वाटली पाहिजे.

शिवाय धंद्यातल्या माणसाला धंद्यातले जे कळते ते कचेरीतल्या अधिकाऱ्याला कळतेच असे नाही. म्हणूनच आपल्या देशाने मानके ठरवताना उद्योगाला बाहेर ठेवले नाही. 1947 च्या जानेवारीत, स्वातंत्र्याच्या काही महिने आधी, भारतीय मानक संस्था स्थापन झाली. घरातल्या विजेच्या बटणावर आयएसआयची खूण दिसते ना, ती या संस्थेची देणगी. तिच्या समित्यांत कारखानदार, शास्त्रज्ञ, सरकारी अधिकारी आणि वापरणारे, असे सारे एकत्र बसत आले आहेत. आज तेच काम भारतीय मानक ब्यूरो करतो.

पण एकत्र बसणे वेगळे, आणि न्यायाधीशाच्या खुर्चीत बसणे वेगळे. 2006 साली आपल्याकडे अन्नसुरक्षा व मानके यांचा कायदा झाला. त्याच्या 13 व्या कलमात म्हटले आहे की, शास्त्रीय मंडळांवर स्वतंत्र तज्ज्ञ असावेत. उद्योगाच्या आणि ग्राहकांच्या प्रतिनिधींना चर्चेसाठी बोलवावे. बोलवावे, नेमावे असे नाही! प्रत्यक्षात सुरुवातीला मोठमोठ्या कंपन्यांची माणसे त्या मंडळांवर सभासद म्हणून बसली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि 2011 साली न्यायालयाच्या सांगण्यावरून मंडळे नव्याने बनवावी लागली. कुंपणाने शेत खाऊ नये, म्हणून कुंपण कोण घालतो यावर नजर ठेवावी लागते, ती अशी.

माझ्या मते कसोटी साधी आहे. कोणताही नियम समोर आला की चार प्रश्न विचारावेत. हा कोणी केला? करताना कोणाचे ऐकले? त्याचा खर्च कोणाच्या माथी? आणि तो चुकला तर दाद कोठे मागायची? सरकारी कायद्याच्या बाबतीत या चारही प्रश्नांना निदान कागदावर तरी उत्तरे आहेत. दुकानदारांच्या नियमाच्या बाबतीत पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळते, दुसऱ्याचे अर्धवट मिळते. तिसऱ्याचे उत्तर मामांच्या वहीत सापडते: पाण्याची तपासणी, मातीची तपासणी, तपासनिसाची फी, सारे खर्चाच्या बाजूला. आणि चौथ्या प्रश्नाला उत्तर नाही.

मग आपण करायचे काय? नुसते हातावर हात ठेवून बसायचे? मला तीन गोष्टी सुचतात.

पहिली गोष्ट, एकट्याने लढू नका. ग्लोबलगॅपचे प्रमाणपत्र एकट्याला मिळते, तसेच ते गटालाही मिळते. गटाने आपल्या सर्व सभासदांची तपासणी आपणच करायची, आणि बाहेरचा तपासनीस त्यांतल्या काही बागा निवडून पाहतो. किती? तर सभासदसंख्येच्या वर्गमुळाइतक्या. शंभर सभासद असतील तर दहा बागा. शाळेतले वर्गमूळ असे शेतात उपयोगी पडते, हे मुलांना सांगा! महाग्रेप्सने हाच गटाचा मार्ग धरला होता. 2010 च्या त्या ठोकरीनंतर दिंडोरी तालुक्यात मोहाडीला सह्याद्री ही शेतकऱ्यांची उत्पादक कंपनी उभी राहिली, तीही शेतकरी एकत्र आले म्हणूनच. एका शेतकऱ्याचे पत्र कोणी वाचत नाही. हजारांचे वाचावे लागते.

दुसरी गोष्ट, मसुदा वाचायला शिका. आपल्या देशात अन्नाविषयीचा नवा नियम करण्यापूर्वी त्याचा मसुदा प्रसिद्ध होतो आणि हरकती मागवल्या जातात. ग्लोबलगॅपसुद्धा नवी आवृत्ती काढण्यापूर्वी मसुदा लोकांपुढे ठेवते. तिच्या मंडळावर दुकानदारांबरोबर उत्पादकांनाही समान जागा आहेत. दार अगदीच बंद नाही. पण मसुदे असतात इंग्रजीत, आणि मुदत निघून गेल्यावर आपल्याला बातमी कळते. मोठ्या कंपनीच्या पदरी हेच वाचण्यासाठी पगारी माणसे असतात. आपल्या गावात कोण आहे? शिक्षक आहेत. गुरुजी, बाई, हे काम तुम्ही अंगावर घेतले, मसुद्यातली चार पाने मराठीत सांगितली, तर संघाच्या बैठकीत नुसती तक्रार होणार नाही, मुद्देसूद हरकत तयार होईल.

तिसरी गोष्ट, आपल्या सरकारला सरकारसारखे वागायला लावा. बाहेरच्या दुकानदाराशी मामा बोलू शकत नाहीत, सरकार बोलू शकते. परदेशात कोणती मर्यादा बदलली, कोणत्या औषधाचे नाव यादीत आले, ही बातमी छाटणीपूर्वी बागेत पोहोचवणे हे सरकारी काम आहे, आणि ते मागण्याचा आपल्याला हक्क आहे. आणि असेही बघा. निर्यातीच्या द्राक्षाला इतकी काळजी, मग नाशिकच्या बाजारात आपली मुले जी द्राक्षे खातात त्यांना का नको? दुकानदाराचा नियम त्याच्या गिऱ्हाइकापुरता असतो. आपल्या लेकरांसाठी नियम करणारा दुकानदार कोणी नाही. ते काम आपल्या कायद्याचेच आहे.

निघताना मामांना मी सारी हकीकत सांगितली. पुड्या वर, बाटल्या खाली, हा नियम सरकारचा नव्हे, हेही सांगितले. मामा बराच वेळ गप्प होते. मग त्या टांगलेल्या वहीकडे बोट दाखवून म्हणाले, "भाचेराव, नियम चांगला आहे, मी तो पाळीन. पण वहीत सगळी पाने माझ्याच सहीची आहेत. नियम करणाऱ्याची सही एकाही पानावर नाही."

त्या सहीची जागा मोकळी आहे, श्रोते हो. तिथे कोणाचे नाव यावे, हे ठरवण्यात आपलाही वाटा असला पाहिजे. एवढे सांगून मी आपली रजा घेतो. नमस्कार.